पार्श्वभूमी : फेब्रुवारीत मोजलेला सिंधुदुर्ग

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर असून त्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. मधला बराचसा भाग जांभ्याचा, सड्यांचा म्हणजे कातळपठारांचा आणि वरकस म्हणजे हलक्या जमिनीचा आहे. सावंतवाडी संस्थानाच्या विलीनीकरणानंतर हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि १ मे १९८१ रोजी तो वेगळा झाला. त्या वर्षीची जनगणना मात्र १ मार्चच्या स्थितीवर बेतलेली असल्याने स्वतंत्र जिल्हा म्हणून त्याची पहिली मोजणी व्हायला १९९१ साल उजाडले. मधल्या दशकात, १९८२ च्या गिरणी संपानंतर, लालबाग-परळमधली कितीतरी बिऱ्हाडे गावी परतली होती, हे त्या पहिल्या आकड्याकडे पाहताना विसरता येत नाही.

तो आकडा ८,३२,१५२ होता. २००१ मध्ये तो ८,६८,८२५ वर गेला आणि २०११ मध्ये ८,४९,६५१ वर उतरला. त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते : सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर. चाकरमान्याच्या, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या कोकणी माणसाच्या, वाटेची दोन्ही टोके एकाच वेळी ओसरली, कारण चाळीतली खोली सोडून तो डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकला होता. गावी तो परतला नव्हता.

खरा गुंता 'रहिवासी' या शब्दात आहे. जनगणनेत माणूस जिथे एरवी राहतो तिथे मोजला जातो. मोजणीच्या संपूर्ण कालावधीत तो घराबाहेर असेल, तर त्या घराच्या यादीत त्याचे नाव येत नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. गणपती कधीच झालेले, शिमगा यायचा, मे महिना लांब, अशा दिवसांत मोजलेल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा पुरावा म्हणून मिरवला जातो, पण त्यात मुंबईला गेलेल्या पुरुषांची अनुपस्थितीच अधिक मोजली गेली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. घर गावात, सातबारावर नाव गावात, देवस्थानातला मान गावात, आणि माणूस मात्र ठाणे जिल्ह्याच्या बेरजेत!

'ग्रामीण' हे विशेषणही असेच निकषांतून आलेले आहे. नगरपालिका किंवा नगरपंचायत नसलेल्या गावाला गणनेत शहर ठरवायचे, तर किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि वर्षातले किमान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तिन्ही अटी लागतात. जिल्ह्याची सरासरी घनता २०११ मध्ये १६३ होती आणि येथील गाव वाड्यावाड्यांत विखुरलेले असते, त्यामुळे मोठ्या गावालाही दुसरी अट पेलत नाही. नागरी लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेबारा टक्केच भरली.

नंतर कुडाळसारख्या तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायती मिळाल्या आणि २०२१ मध्ये चिपीला विमानतळही सुरू झाला. पुढील मोजणीही फेब्रुवारीतच, २०२७ मध्ये, ठरली आहे. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची देवीची जत्रा बहुधा याच सुमारास भरते. मात्र दोन दिवसांसाठी उतरलेला मुंबईकर, मोजणीचे बाकीचे दिवस मुंबईत काढणार असल्याने, मुंबईच्याच यादीत जाईल.