विराम आणि बोलण्याचा ओघ

बोलताना पडणारा खंड म्हणजे विराम. तो मूक असतो, किंवा ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ अशांनी भरून काढलेला असतो. परकी भाषा बोलणाऱ्याचा ओघ ऐकणारा जोखतो तो मुख्यतः विराम आणि वेग यांवरून. शब्द पुन्हा उच्चारणे, चूक सुधारून घेणे यांचा परिणाम त्या मानाने कमी.

विरामाची जागा फार महत्त्वाची. ‘पाऊस थांबला की (विराम) आपण निघू’ यातला अर्धा सेकंद कोणाला खटकत नाही. ‘आपण त्या (विराम) जुन्या (विराम) रस्त्याने निघू’ असे ऐकले, की बोलणारा शब्द शोधतोय हे लगेच कळते. मातृभाषेत बोलणारेही थांबतात, पण बहुधा उपवाक्यांच्या सांध्यावर. पुढे काय सांगायचे याची जुळणी तिथे चालते. शिकणारा उपवाक्याच्या पोटातच अडतो, कारण शब्द किंवा प्रत्यय वेळेवर हाताशी येत नाही. म्हणून नुसती विरामांची संख्या मोजणारी चाचणी सावकाश, विचार करून बोलणाऱ्यावर अन्याय करते.

मोजणीत 250 मिलिसेकंदांहून लांब शांतता विराम धरण्याचा प्रघात आहे. मर्यादा फार खाली आणली तर ‘क्’, ‘त्’, ‘प्’ उच्चारताना हवा अडते ती क्षणिक शांतताही, विशेषतः ‘पक्का’सारख्या जोडाक्षरात, विराम म्हणून मोजली जाते. वर नेली तर पदबंधातले (‘जुन्या रस्त्याने’सारख्या शब्दगटातले) छोटे अडखळणे निसटते. स्वयंचलित मोजणीत श्वासाचा आवाज आणि खोलीतला पंखा हमखास घोटाळा करतात. शंका आली की आवाजाचे तरंगचित्र (ध्वनीचा चढउतार दाखवणारा आलेख) पाहून कानाने खात्री करावी.

वेग दोन प्रकारे काढतात. 60 सेकंदांत 168 अक्षरे आणि 18 सेकंद शांतता असेल, तर एकूण वेग सेकंदाला 2.8 अक्षरे, पण शांतता वगळून उच्चारगती 4. पहिल्या आकड्यात विराम आधीच मिसळलेले असतात. तो आणि विरामांची संख्या दोन्ही गुणांकनात घेतले, तर एकाच दोषाचे गुण दोनदा कापले जातात.

श्रोत्यांकडून गुण घेताना ‘ओघ म्हणजे काय’ हे आधी सांगावे लागते. नाहीतर ते उच्चाराची ढब आणि व्याकरणही त्यातच धरतात. ध्वनिफितींचा क्रमही प्रत्येक श्रोत्यासाठी बदलावा. अस्खलित नमुन्यानंतर आलेला मध्यम नमुना गुणांत उगाच मागे पडतो.

‘अं’ नेहमी नुकसानच करतो असे नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात श्रोत्यांसमोर वस्तूंची चित्रे ठेवून त्यांच्या नजरेचा माग घेतला होता. मातृभाषकाचा ‘अं’ ऐकताच श्रोते कमी प्रचलित नावाच्या वस्तूच्या चित्राकडे, नाव उच्चारले जाण्याआधीच, पाहू लागत. ठळक परकी ढब असलेल्या वक्त्याच्या ‘अं’नंतर तसे होत नसे.