एमसीबी आहे, तरी फ्रीज का जळतो?

"सगळ्या लाइनला एमसीबी टाकलाय, आता काय विषय नाही." मोटरहोम हौसेनं बांधून घेणारे मालक हे सांगतात, आणि कधी कधी तिचं वायरिंग करणारे वायरमनही. 2021 मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं. पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला एखाद्या शेतघरापाशी गाडी लावायची, तिथल्या बोर्डातून केबल ओढायची आणि एसी लावून झोपायचं, ही कल्पना कुणालाही आवडेल. पण त्या एमसीबीचं काम मुळात वेगळं आहे. तो करंट बघतो, व्होल्टेज त्याला कळतच नाही. शॉर्ट सर्किट झालं तरी पडायला त्याला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक आलेली उसळी, प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा तिचा करंट आठ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्मा झालेला असतो. एमसीबी हलायच्या आत इन्व्हर्टरचा बोर्ड गेलेला असतो.

ही उसळी येते कुठून? एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज तारेवरच पडावी लागते असं नाही. जवळपास पडली तरी तारेत व्होल्टेज उमटतं. लाइनवरच्या मोठ्या मोटारी चालू-बंद होतानाही लहान झटके बसतात.

यावरचा उपाय म्हणजे एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, उसळी फ्रीजकडे न जाऊ देता बाजूने वळवणारं उपकरण), आणि त्याच्या पोटातली मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर नावाची चकती. तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच झिंक ऑक्साइड, त्यात थोडं बिस्मथ ऑक्साइड आणि इतर चिमूटभर ऑक्साइडं मिसळून भट्टीत भाजतात. जपानमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र तयार झालं. भाजल्यावर झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात. कण स्वतः वीज वाहून नेतो, पण दोन कणांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतात. ही अडसर-भिंत साधारण तीन व्होल्टपर्यंत तग धरते, त्यापुढे कोसळते. चकतीच्या जाडीत अशा सुमारे सव्वाशे ते दीडशे भिंती एकामागे एक आल्या की चारशेच्या पुढचं व्होल्टेज रोखता येतं. आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर 325 च्या आसपास असतं. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी 275 व्होल्टची (हा आकडाही 230 सारखाच, शिखराचा नव्हे) चकती 430 व्होल्टला जेमतेम एक मिलिअँपिअर जाऊ देते. त्यापुढे मात्र करंट व्होल्टेजच्या तिसाव्या किंवा त्याहून मोठ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. साध्या रोधात व्होल्टेज दहा टक्के वाढलं तर करंटही दहाच टक्के वाढतो. इथे घात तीस धरला तरी तो सतरा पट होतो.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे असेच वागतात. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की बंद होतात, कुणी बटण दाबत नाही. चकतीला यासाठी काही नॅनोसेकंद पुरतात.

पण प्रत्येक मोठ्या उसळीगणिक काही भिंती कायमच्या खचतात. म्हणून एसपीडीला छोटी खिडकी असते. ती हिरवी असेपर्यंत ठीक, लाल दिसली की कार्ट्रिज बदला.

बसवताना सर्वात जास्त चुकतं ते वायरच्या लांबीत. एक मीटर सरळ वायरचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. आठ मायक्रोसेकंदांत तीन हजार अँपिअर चढले तर त्या एका मीटरवरच 375 व्होल्ट उभे राहतात, आणि तेही फ्रीजच्या वाट्याला येतात. तेव्हा एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सुबक दिसावं म्हणून गुंडाळी करून ठेवलेली वायर इथे घात करते.

दुसरं दुखणं वेगळंच आहे. डीपीपाशी न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरं 400 व्होल्टवर एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. समजा एका फेजवर शेजाऱ्याचा 2000 वॅटचा गीझर आहे आणि दुसऱ्यावर तुमच्या गाडीतलं 200 वॅटचं सामान. कमी लोडवाल्याचा रोध जास्त, त्यामुळे व्होल्टेजचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. हिशोब केला तर गाडीला सुमारे 364 व्होल्ट मिळतात, आणि तेही मायक्रोसेकंदांपुरते नव्हे तर वायरमन येईपर्यंत. त्याचं शिखर 515 च्या जवळ जातं, म्हणजे चकती दर अर्ध्या सायकलला उघडत, तापत राहते आणि शेवटी फुटते. इथे लाइनच तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिले लागतो. तो चकतीपेक्षा खूप मंद आहे, पण या कामाला तेवढा वेग पुरतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

टायर रबरी आहेत म्हणून गाडीवर वीज पडत नाही, हेही खोटं. ढगापासून कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबराचं काय? वाचवतो तो पत्र्याचा सांगाडा, करंट बाहेरून वाहून नेतो म्हणून. फायबरची बॉडी असेल तर तेवढंही नाही. बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीबद्दल मी बोलत नाही, पण बाजारात मिळणारा 'पॉवर सेव्हर' प्लग त्याच जातीचा आहे. तो सर्जही थांबवतो, असा दावा ऐकला तर आत व्हॅरिस्टर आहे का आणि कितीचा, एवढंच विचारा.

बारा व्होल्टच्या बाजूचा शत्रू तर गाडीतच असतो. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना लिथियम बॅटरीच्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) बॅटरी अचानक तोडली, तर अल्टरनेटरच्या कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र लगेच ओसरत नाही. आत कुठलंच संरक्षण नसेल तर बारा व्होल्टच्या लाइनवर शंभराच्या घरात व्होल्ट चढू शकतात, तेही मिलिसेकंदांच्या हिशोबात, म्हणजे सर्जच्या मानाने फार वेळ. अल्टरनेटरचे डायोड आणि एलईडी दिवे त्यात जातात. म्हणून लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट न जोडता मध्ये डीसी-डीसी चार्जर घाला आणि इंजिनची मूळची लेड-ॲसिड बॅटरी अल्टरनेटरपाशी जोडलेलीच राहू द्या.