थंडीचे पाहुणे श्रावणातच येतात
आंजर्ले-हर्णै परिसरात आमच्याकडे पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

"पक्ष्यांचा सीझन कधी सुरू होतो?" असं फोनवर विचारणाऱ्या बहुतेकांची नाताळची सुट्टी आधीच पक्की झालेली असते. नाताळात या, नको म्हणत नाही. पण कोकणात उन्हाळ्यातून थंडीत जायचं तर मधे चार महिन्यांचा पाऊस लागतो, आणि पक्ष्यांची निम्मी ये-जा त्या पावसातच उरकते. कधी आलात तर काय दिसेल आणि आमच्याकडे काय पाळावं लागेल, एवढ्यासाठी हे पत्रक.

मेअखेर ते गणपती

आंबे उतरत आले की मागच्या बागेत पहाटे दोन सुरांची शीळ सुरू होते. तो नवरंग. इथे वीण करायला येतो आणि पालापाचोळा उचकत जमिनीवरच फिरतो, म्हणून त्या दिवसांत बाग झाडायची नाही असा घरचा नियम आहे. पावशाचं "पेरते व्हा" त्याच्याही आधीपासून चालू असतं. जूनच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो. तो अंडी घालतो ती सातभाई या पक्ष्यांच्या घरट्यात. भाद्रपदात सातभाईंची टोळी आपल्याहून वेगळ्याच रूपाच्या पिल्लाला भरवताना दिसली, तर ते बहुधा चातकाचंच.

पहिल्या सरींबरोबर येतो तिबोटी खंड्या. शेजारच्या रायगडने याला जिल्ह्याचा पक्षी केलंय. चोचीसकट जेमतेम १३ सेंटीमीटर, पायाला बोटं तीनच, म्हणून हे नाव. समुद्र दिसावा म्हणून वरच्या खोलीला आम्ही मोठी काच बसवली होती. जूनमधल्या एका सकाळी तिच्याखाली पायरीवर हा पडलेला सापडला. पोट हळदीसारखं, पाय लालभडक, चोच अजून उघडत-मिटत होती. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवला, पण तासाभरात गेला. हे पक्षी स्थलांतर रात्री करतात, आणि पहाटे काचेत दिसणारी झाडं त्यांना खरी वाटतात. तेव्हापासून त्या काचेवर बाहेरून जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधलाय. खोलीतून फोटो नीट येत नाहीत अशी तक्रार होते. मान्य आहे, पण जाळं निघणार नाही.

तिबोटी ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बिळं कुठे आहेत ते आम्हाला माहीत आहे. दाखवणार नाही.

उन्हाळ्याचा रंग उतरताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि खाडीचाही भरवसा नसतो. त्यामुळे आमची होडी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच बाहेर पडते. तोवर थंडीचे पहिले पाहुणे किनाऱ्यावर उतरलेले असतात! श्रावणातल्या एखाद्या उघडिपीत जोग नदीच्या मुखाशी चला. वाळूवर चार पावलं पळून गपकन थांबणारे लहान पक्षी दिसतील. ते चिखल्ये. लडाख-तिबेटच्या बाजूला वीण आटोपून येतात, आणि नुकते आलेल्यांच्या छातीवर वीटकरी रंग शिल्लक असतो. तो तिकडच्या उन्हाळ्याचा रंग. दसऱ्यापर्यंत पिसं बदलतात आणि सगळा थवा वाळूसारखा मातकट होतो. पुढे ओळखायला खरोखर अवघड जातं, आम्हीही चुकतो.

असंच गायबगळ्यांचं. पावसात डोकं-मान केशरी, भातकापणीला पांढरेशुभ्र. गणपतीच्या सुमाराला अंगणात शेपूट हलवत धोबी येतो. ऑक्टोबरात उकाड्याने आपण हैराण असतो तेव्हा कुरव, म्हणजे तुम्ही सीगल म्हणता ते, यायला लागतात. तपकिरी डोक्याचा कुरव दाखवला की पाहुणे हमखास म्हणतात, "अहो, डोकं तर पांढरं आहे!" थंडीत ते पांढरंच असतं, कानामागे फक्त एक डाग. तपकिरी टोपी चढते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीच्या तयारीला. तोवर फिकट डोळा आणि पंखाच्या काळ्या टोकातला पांढरा ठिपका बघायचा.

बाकी थंडीत सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भोवत्या हा शिकारी पक्षी, झाडीत स्वर्गीय नर्तक, खाडीच्या कडेला समुद्रगरुड. त्यांच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.

शनिवार-रविवार नव्हे, तिथी

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना रात्र-दिवसापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. ओहोटीला ते लांब चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. म्हणून भरती पुरी होण्याआधीचे दोन तास आमचे.

पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष कुठलाही असो. आमच्या मते दशमी ते द्वादशीच्या सकाळी सर्वांत उत्तम, कारण पाणी उजेडात चढतं आणि आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सूर्य तुमच्या पाठीशी राहतो. संध्याकाळी तेच पक्षी उन्हाआड काळे दिसतात. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा. कुरव आणि ब्राह्मणी घारी तिथे डोक्यावरच असतात.

एवढं पाळाच

कुरवांना शेव-फरसाण घालू नये. थव्यात मुलांना पळवून "उडवा, उडवा" करू नये. उडालेला थवा फोटोत छान दिसतो खरा, पण खाणं उघडं पडतं ते ओहोटीच्या थोड्या तासांत, आणि भरतीला विसावा घ्यायला कोरडी जागा पट्टाभरच उरते. दिवसातून दहादा उठवलं तर हजारो किलोमीटरच्या परतीसाठी अंगावर चरबी कुठून चढणार? वाळूवर गाडी नेणाऱ्यांना आम्ही होडीत घेत नाही. यावरून एकदा बारा जणांचं बुकिंग गेलं, जाऊ दे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही बंद, नवरंगाच्या बाबतीत तर अजिबातच नाही. ड्रोन घरी ठेवा.

होडीत सहाच माणसं. दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, असली तर पुरे. दोन आमच्याकडे आहेत, आधी सांगा. कपडे मातकट रंगाचे, पायात चिखलात रुतून न बसणाऱ्या चपला. सप्टेंबरात छत्रीपेक्षा इरलं किंवा रेनकोट बरा, छत्री उघडली की चिखल्ये उठतात. पावसाने फेरी रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढची तिथी, तुम्ही म्हणाल तसं.

बुकिंग करताना तारीख सांगू नका, महिना सांगा. तिथी आम्ही कळवू. चहा निघायच्या अर्धा तास आधी. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं परत आल्यावर.