प्रॅट, लुईझा बार्न्स

(१८०२–१८८०). अमेरिकेतील मॉर्मन या एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या पिढीतील शिक्षिका आणि आत्मवृत्तकार. जन्म मॅसॅच्युसेट्समधील वॉरिक येथे. बालपण कॅनडातील डनहॅम गावी गेले. लग्नापूर्वीच त्या शाळेत शिकवू लागल्या होत्या आणि शिवणकामही शिकल्या होत्या. पुढे बराच काळ याच दोन कामांवर त्यांचे घर चालले. १८३१ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेले खलाशी ॲडिसन प्रॅट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुली झाल्या. १८३८ मध्ये मॉर्मन पंथ स्वीकारून हे कुटुंब १८४१ च्या सुमारास इलिनॉयमधील नॉवू या मॉर्मनांच्या तेव्हाच्या मुख्य वसाहतीत आले.

१८४३ मध्ये पंथाने ॲडिसनना धर्मप्रसारासाठी पॅसिफिक बेटांवर पाठवले. अशा कामाला वेतन नसे. मागे राहिलेला संसार बायकोनेच ओढायचा. लुईझांनी शिकवले, कपडे शिवले, नॉवूत घरही बांधून घेतले. १८४६ मध्ये शेजाऱ्यांच्या विरोधामुळे मॉर्मनांना नॉवू सोडावे लागले, तेव्हाही पती परतले नव्हते. आपल्या प्रवासाची सोय कोण करणार, असे विचारल्यावर त्यांना उत्तर मिळाले, की तुम्ही स्वतः निघण्याइतक्या हुशार आहात, उलट इतरांनाही मदत कराल अशी अपेक्षा आहे. त्या मुलींना घेऊन निघाल्या. मिसूरीकाठच्या हिवाळी तळावर त्या मातीच्या खोपीत राहिल्या. स्कर्व्हीने (ताज्या भाज्या-फळांच्या अभावी होणाऱ्या रोगाने) त्यांचे पुढचे दात गेले. १८४८ च्या सप्टेंबरात त्या आजच्या यूटातील सॉल्ट लेक खोऱ्यात, मॉर्मनांच्या नव्या वसाहतीत, पोचल्या आणि थोड्याच दिवसांत, पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर, ॲडिसनही तेथे आले.

१८५० मध्ये ॲडिसन यांच्या दुसऱ्या मोहिमेत मात्र लुईझा मुलींसह, बहीण कॅरोलाइन क्रॉस्बीच्या कुटुंबासोबत, पॅसिफिकमधील तुबुआई बेटावर गेल्या. तिथली भाषा शिकून त्यांनी मुलांना व बायकांना शिकवले. फ्रेंच सत्तेच्या निर्बंधांमुळे १८५२ मध्ये सर्वांना परतावे लागले.

त्यानंतर कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या मॉर्मन वसाहतीत त्यांची काही वर्षे स्थैर्याची गेली. १८५७ मध्ये पंथाने तेथील अनुयायांना यूटाला परत बोलावले. ॲडिसन गेले नाहीत, लुईझा गेल्या. हा निर्णय श्रद्धेचा होता, पण ज्या जबाबदाऱ्या त्यांनी आजवर एकटीने पेलल्या, त्यांच्याशिवाय तो समजत नाही. ॲडिसन १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात वारले. लुईझा अखेरपर्यंत यूटातील बीव्हर गावी राहिल्या. जुन्या रोजनिशांच्या आधारे त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त फार मोलाचे आहे: पंथाच्या पुढाऱ्यांच्या हकिकतींत न येणारे भूक, आजार, पोरींचे शिक्षण आणि नवऱ्याबद्दलचा राग त्यात उघडपणे येतात.