उमेदवारांशी व्यवहार (नोकरभरती)

रिकाम्या जागेची जाहिरात दिल्यापासून निवडलेला उमेदवार रुजू होईपर्यंत, आणि न निवडलेल्याला नकार कळवला जाईपर्यंत, नियोक्त्याने अर्जदारांशी ठेवावयाचे वर्तन. योग्य माणूस कसा ओळखावा हा निराळा विषय आहे. ही नोंद निवड चालू असताना समोरच्याचा वेळ, कागदपत्रे आणि मान कसा जपला जातो, एवढ्यापुरती आहे.

नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना फिटर, टर्नर, सीएनसी ऑपरेटर असे आयटीआय झालेले तरुण लागतात, आणि निफाड, सिन्नर, पेठ, सुरगाणा अशा तालुक्यांतूनही मुले एसटीने मुलाखतीला येतात. सकाळी दहाची मुलाखत दुपारी तीनला सुरू झाली तर अधिकाऱ्याचे फारसे बिघडत नाही; उमेदवाराची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते आणि कधी परतीची गाडीही चुकते. बोलावतानाच पद, पाळी, अंदाजे पगार आणि नेमणूक कंपनीत आहे की ठेकेदाराकडे, हे सांगितलेले असावे. यांतली शेवटची बाब हमखास लपवली जाते.

संबोधनाचा प्रश्न मराठीत विशेष बोचरा आहे. पदवीधर अभियंत्याला ‘तुम्ही’ म्हणणारा अधिकारी त्याच टेबलाशी आयटीआयच्या मुलाला ‘काय रे, कुठला तू?’ असे विचारतो. कारण वयाचे सांगितले जाते, पण दोघे बहुधा एकाच वयाचे असतात.

ड्रॉइंग वाचायला लावणे, व्हर्निअर किंवा मायक्रोमीटरने माप घ्यायला सांगणे ही प्रात्यक्षिक चाचणी रास्तच होय, परंतु चाचणीच्या नावाखाली पाळीभर उत्पादन काढून घेणे म्हणजे फुकट राबवणे. मूळ प्रमाणपत्रे पडताळून तिथल्या तिथे परत द्यावीत, कारण ती अडकली की उमेदवाराला दुसरीकडे मुलाखतीला जाता येत नाही.

कायद्याने यातला काही भागच बांधलेला आहे. भरतीत लिंगावरून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत कायम राहिली. तरीही ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न मुलींना विचारला जातोच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्री तेथे नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे मुलाखतीला आलेली उमेदवारही तक्रार करू शकते. नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. अर्जातील वैयक्तिक माहितीच्या डिजिटल वापरावर बंधने घालण्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा करण्यात आला. एका कंपनीकडे दिलेला बायोडेटा न विचारता ओळखीच्या ठेकेदाराकडे पाठवण्याची सवय त्यात बसणारी नाही.

‘कळवतो’ या शब्दाबद्दल मात्र कोणताही कायदा नाही. मुलाखत संपताना तो उच्चारला जातो आणि पुढे काहीच कळवले जात नाही. अनुभवी उमेदवार त्याचा अर्थ नकार असाच घेतात, नवखे आठवडेच्या आठवडे फोनची वाट पाहतात आणि त्या भरवशावर दुसरी जागा सोडतात. निवड न झाल्याचा दोन ओळींचा संदेश ठरलेल्या तारखेला पाठवणे हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळला जाणारा भाग आहे. उलट बाजूचा प्रकार संख्येने कमी पण अधिक नुकसानीचा असतो: ऑफर लेटर हाती पडताच उमेदवार जुन्या नोकरीचा राजीनामा देतो आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात त्याला जागा रद्द झाल्याचे फोनवर सांगितले जाते.