गनेल

गनेल : उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा वाम माशासारखा लांबट समुद्री मासा. कुल फोलिडी; शास्त्रीय नाव फोलिस गनेलस. त्याला बटरफिश असेही म्हणतात. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचा समावेश ब्लेनिअस (ब्लेनी माशांच्या) प्रजातीत केला. फोलिस ही प्रजाती निसर्गवैज्ञानिक स्कोपोली यांनी १७७७ मध्ये प्रस्थापित केली. ब्लेनी माशांशी त्याचे साम्य वरवरचे आहे. त्याचे खरे आप्त ईलपाउट व वुल्फफिश हे मासे असून त्यांच्यासह तो झोआर्कॉइडी उपगणात मोडतो. या उपगणाला कोणत्या गणात स्थान द्यावे, याविषयी मतभेद आहेत.

शरीर दोन्ही बाजूंनी चपटे व अतिशय बुळबुळीत, लांबी सुमारे २५ सेंमी.पर्यंत. डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेल्या पृष्ठपक्षात (पाठीवरील परात) ७० हून अधिक काटे असतात. त्याच्या तळाशी फिकट कडेचे ९ ते १३ काळे ठिपके ओळीने असतात. ओळख पटवण्यास ही खूण पुरेशी आहे. श्रोणिपक्ष (पोटाकडील परांची जोडी) नाममात्र असतात, वाताशय (तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी) नसतो. ओहोटीच्या वेळी दगडांखाली किंवा शैवलाखाली ओलावा टिकला, तर तो हवेतील ऑक्सिजनवर तग धरतो. प्रजनन हिवाळ्यात होते. अंड्यांचा गोळा रिकाम्या शिंपल्यात किंवा दगडाखाली असतो आणि पालक मासा त्याभोवती वेटोळे घालून राखण करतो.

या कुलातील बहुतेक जाती उत्तर पॅसिफिकमध्ये आहेत. त्यामुळे गनेलचे पूर्वज बेरिंग सामुद्रधुनी खुली झाल्यानंतर आर्क्टिकमार्गे अटलांटिकमध्ये आले असावेत, असे मानले जाते. खरा वाद त्यापुढचा आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिकेचा आजचा खडकाळ किनारा बहुतांशी बर्फाखाली होता आणि बर्फाच्या सीमेच्या दक्षिणेला किनारा मुख्यतः वाळूचा होता. यावरून अमेरिकेच्या बाजूचे खडकाळ किनाऱ्याचे जीव बर्फ हटल्यावर यूरोपातून नव्याने आले, असा एक पक्ष आहे. काही गोगलगायींबाबत तो पटण्याजोगा आहे. गनेलबाबत मात्र हिकरसन व कनिंगहॅम या संशोधकांनी २००६ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे वेगळा निष्कर्ष काढला : हा मासा अनेक हिमपर्वांत महासागराच्या दोन्ही बाजूंना टिकून राहिला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. गनेल केवळ खडकाळ पट्ट्यावर अवलंबून नाही; तो सुमारे १०० मी. खोलीपर्यंतही आढळतो. किनारा बर्फाने व्यापला, तरी त्याला खोल पाण्यात थारा मिळू शकला असता. आजही अमेरिकेच्या बाजूला हिवाळ्यात तो उथळ पट्टा सोडून खोल पाण्यात जातो.

त्याच्या रक्तातील गोठणरोधी (थंडीने रक्ताचा बर्फ होऊ न देणारी) प्रथिनेही येथे विचारात घ्यावी लागतात, कारण बर्फाळ पाण्यात टिकण्यास ती उपयोगी पडतात. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९° से.ला गोठते, तर सामान्य सागरी अस्थिमत्स्यांचे रक्त उणे ०.७° से.च्या आसपास. ही प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात. माशांतील अशा प्रथिनांचे अनेक प्रकार असून गनेलमधील प्रथिने तिसऱ्या प्रकारची आहेत. हा प्रकार सायलिक अम्ल (शर्करेसारखे एक संयुग) तयार करणाऱ्या विकराच्या (एंझाइमाच्या) जनुकापासून उत्क्रांत झाल्याचे अंटार्क्टिक ईलपाउटवरील संशोधनातून २०१० मध्ये दिसून आले.

सध्याचा प्रसार यूरोपात बॅरेंट्स समुद्रापासून फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, अटलांटिकपलीकडे उत्तर अमेरिकेत लॅब्रॅडॉरपासून डेलावेअर उपसागरापर्यंत. आइसलँड व ग्रीनलंड येथेही. अन्न लहान कवचधारी प्राणी, वलयी कृमी व मृदुकाय प्राणी. ब्लॅक गिलेमॉटसारखे समुद्रपक्षी त्याची शिकार करतात.