छोट्या व्यवसायाची वेबसाइट

छोट्या व्यवसायाची वेबसाइट म्हणजे दुकान, घरगुती उद्योग, होमस्टे, क्लास, आंब्याची बाग अशा एका माणसाच्या किंवा एका कुटुंबाच्या धंद्याची इंटरनेटवरची स्वतःची जागा. तिचं नाव धंद्याच्या मालकाकडे नोंदलेलं असतं आणि तिच्यावर काय ठेवायचं, काय काढायचं हे मालकच ठरवतो. इन्स्टाग्रामचं पेज, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, गुगल मॅपवरची नोंद हे सगळं उपयोगाचंच आहे पण त्याला वेबसाइट म्हणता येत नाही, कारण ती जागा दुसऱ्या कंपनीची असते आणि तिने ठरवलं की बंद होते. गुगल बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट मिळणाऱ्या एकपानी साइट, ज्यांचा पत्ता बिझनेस डॉट साइट असा संपायचा, त्या गुगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या, जूनपर्यंत जुना पत्ता प्रोफाइलकडे वळवून ठेवला आणि मग तेही थांबवलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डवर, पिशव्यांवर, टेम्पोच्या मागे छापून घेतला त्यांना सगळं परत छापायला लागणार हे उघडच होतं. त्याच्या कितीतरी आधी, 2009 मध्ये, याहूची जिओसिटीज ही फुकट साइटची सेवा अशीच गेली होती.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सुरू केलं, आणि तेव्हा साइट करायची म्हणजे कोणीतरी बसून एचटीएमएल, म्हणजे वेबपानांचा कोड, हाताने लिहायचं. 2003 मध्ये साइट बांधायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर आलं, 2011 मध्ये त्याच्यावर दुकान चढवायचं वूकॉमर्स आलं, शॉपिफाय आणि विक्स या भाड्याने तयार साइट देणाऱ्या कंपन्या 2006 च्या. म्हणजे आज ज्याला फोनवर फॉर्म भरता येतो त्याला साधी साइट उभी करता येते. पुढची माहिती सगळीकडे लागू आहे, पण बरीचशी उदाहरणं कोकणातल्या हापूस विकणाऱ्या बागायतदाराची घेतली आहेत, कारण थेट गिऱ्हाइकाला विकायची गरज, ठरावीक हंगाम, नाशवंत माल आणि नावाची नक्कल हे चारही प्रश्न तिथे एकदम भेटतात.

नाव, म्हणजे डोमेन

सगळ्यात आधी डोमेन घ्यायचं. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलं जातं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं, आणि मुदत संपायच्या आत रिन्यू करत राहायचं. डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे त्या नावांची मुख्य नोंदवही, निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते आणि 2005 पासून ते कोणालाही घेता येतं. डॉट कॉम किंवा डॉट इन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये बरंच स्वस्त दिसतं, म्हणून घेताना पहिल्या वर्षाचा नाही तर रिन्यूअलचा भाव बघायचा.

या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे असं मी म्हणेन: डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदलंय. डोमेनची नोंद म्हणजे सातबारा समजा, राबतो कोण हे कोणी विचारत नाही, नाव कोणाचं लागलंय ते बघतात. गावाकडे काय होतं की साइट करून देणारा मुलगा स्वतःच्याच अकाउंटमध्ये स्वतःचा ईमेल टाकून दहा-बारा गिऱ्हाइकांची डोमेनं घेऊन ठेवतो. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही, त्याला ते सोपं पडतं इतकंच, पण पुढे त्याने नोकरी धरली, नंबर बदलला की रिन्यूअलचे मेल कोणी वाचत नाही आणि एक दिवस साइटही बंद आणि ईमेलही बंद. म्हणून रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, अकाउंट मालकाने स्वतःच्या नावाने उघडायचं, स्वतःचा मोबाईल नंबर टाकायचा, ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा न देता वेगळा द्यायचा कारण डोमेनच बंद पडलं तर तो मेलही येणार नाही, आणि साइट करणाऱ्याला फक्त लागेल तेवढा ॲक्सेस द्यायचा.

मुदत संपली म्हणून नाव लगेच जात नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनला रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवसांची सवलत असते, जास्तीत जास्त 45, त्यानंतर 30 दिवस रिडेम्प्शनचे ज्यात नाव परत मिळतं पण जबर दंड भरून, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. अशी सुटलेली नावं पकडायला लोक टपलेले असतात. जुन्या धंद्याच्या नावावर मग जुगाराची साइट दिसते, आणि लोक फोन मालकाला करतात.

नाव निवडताना फोनवर सांगून समोरच्याला लिहिता येईल असं घ्या. मराठी नाव इंग्रजी अक्षरात लिहायचं म्हटलं की तीन स्पेलिंग होतात, एक ए की दोन, व्ही की डब्ल्यू, त्यामुळे जवळची दोन स्पेलिंग घेऊन एक दुसरीकडे वळवलेलं बरं. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं, ब्राउझरमध्ये चालतं, पण आतून ते एक्सएन ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदललेलं असतं आणि लिंक कॉपी केली की कधी कधी तेच अगम्य रूप पुढे जातं, शिवाय बरेच फॉर्म त्याच्यावरचा ईमेल घेत नाहीत, म्हणून ते जोडीला ठेवायला छान, एकटं नको. डोमेन घेतल्यावर चिनी एक्स्टेंशनवर, म्हणजे डॉटनंतरच्या भागावर, तुमचं नाव कोणीतरी घेतंय, लवकर पैसे भरा, अशी मेल येतात. ती फसवणूक असते, उत्तर द्यायचं नाही.

जागा आणि बांधणी

होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली जिथे राहतात तो चोवीस तास चालू असलेला सर्व्हर. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडून घ्यायलाच पाहिजे असं नाही. डीएनएस म्हणजे डोमेन टाकलं की कुठे जायचं हे सांगणारी नोंदवही, तिच्या सेटिंगमध्ये ए रेकॉर्ड साइट कुठे आहे ते सांगतो आणि एमएक्स रेकॉर्ड ईमेल कुठे जाणार ते सांगतो, बदल लागू व्हायला काही मिनिटांपासून 48 तासांपर्यंत वेळ जातो. होस्टिंग बदलताना नेमसर्व्हर, म्हणजे ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर, बदलले आणि एमएक्स रेकॉर्ड नवीन जागी उतरवला नाही तर साइट झकास दिसते पण ऑर्डरचे मेल येणं थांबतं, आणि हे आठवडाभर कळत नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस पाहिजेच, त्याने गिऱ्हाईक आणि साइट यांच्यातली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. जुलै 2018 पासून क्रोम ते नसलेल्या साइटला असुरक्षित म्हणून दाखवतो आणि असं दिसल्यावर गिऱ्हाईक पैसे काय, नाव पण टाकत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून 2015 पासून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावतात, त्याचे वेगळे पैसे मागितले तर का ते विचारायचं.

कशावर बांधायची याचं उत्तर धंद्यावर आहे. चार पानांची माहिती असेल, दर वर्षातून एकदा बदलत असतील, तर साधी स्टॅटिक, म्हणजे तयार पानांची, साइट पुरते, ती फास्ट असते, हॅक व्हायला तिच्यात फारसं काही नसतं आणि क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर तिचं होस्टिंग फुकट होतं. (तिथे दुकानदारी चालवायला परवानगी आहे का ते नियमात बघून घ्यायचं.) रोज दर, स्टॉक, ऑर्डर बदलत असतील तर वर्डप्रेस-वूकॉमर्स, पण मग अपडेट सांभाळायची तयारी पाहिजे. ती नसेल तर शॉपिफायसारखं महिन्याच्या भाड्याचं, जिथे सांभाळायचं काम त्यांचं, पण सोडून जाताना फक्त मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी बरोबर नेता येते, दुकान नाही.

साइटवर काय पाहिजे

गिऱ्हाईक फोनवरून येतं, एका हातात पिशवी असते आणि त्याला चार गोष्टी हव्या असतात: काय मिळतं, कितीला, कुठे, आणि फोन कोणाला करायचा. त्या पहिल्याच स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत. फोन नंबर दाबला की लागला पाहिजे, व्हॉट्सॲपचं बटण दाबलं की चॅट उघडलं पाहिजे. कंपनीचं व्हिजन, मिशन हे कोणी वाचत नाही, त्यापेक्षा बागेचा खरा फोटो, पॅकिंग चालू असतानाचा, जास्त विश्वास देतो. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला तर देवगडच्या रेंजमध्ये पान उघडतच नाही. दीडशे-दोनशे केबीपर्यंत लहान करून टाकायचा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं माप आहे.

हापूसवाल्याच्या साइटवर डझनाचा दर टाकून भागत नाही. फळ किती ग्रॅमचं, 200 ते 250 की 250 ते 300, ते लिहायचं, कारण सगळा भाव वजनावर ठरतो. बाग कुठल्या गावात, आंबा कच्चा पाठवणार की अढीतून काढून, घरी किती दिवसांत पिकेल, कुठल्या पिनकोडला जातो, फळ खराब निघालं तर किती तासांत फोटो पाठवायचा, हे सगळं आधी लिहिलेलं असेल तर मे महिन्यात फोनवर तेच तेच सांगत बसावं लागत नाही. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं असं मानांकन, मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात, आणि ते नाव अधिकृतपणे लावायला बागायतदाराने वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते, ती असेल तर नंबर साइटवर ठळक टाकावा. बाहेरचा आंबा देवगड म्हणून विकणाऱ्यांच्या गर्दीत खऱ्या बागायतदाराकडे दाखवायला हाच पुरावा आहे, आणि तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात पडलेला बघून मला फार वाईट वाटतं.

जूनमध्ये आंबा संपला म्हणून पान काढून टाकू नये. पान त्याच पत्त्यावर ठेवायचं, हंगाम संपला, पुढचं बुकिंग कधी सुरू होईल आणि नंबर नोंदवायची सोय, एवढं लिहायचं. दरवर्षी नवीन पान केलं की गुगलमध्ये मिळवलेली जागा दरवर्षी शून्यापासून मिळवावी लागते.

मराठी मजकूर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि तो टाळणं हातात आहे. छापखान्यात, डीटीपीवाल्याकडे पत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात. तो मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तिथे अक्षरं मराठी दिसतात पण साठवलेली असतात दुसऱ्याच कोडमध्ये. कन्व्हर्टरने ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या कोडमध्ये, करता येतं पण नंतर ओळन् ओळ वाचावी लागते, पहिली वेलांटी आणि रफार हमखास सरकतात. यावर उपाय म्हणून बरेच जण कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये मराठी मजकुराचं चित्र करून टाकतात, आणि मग तो दर बदलायला दरवेळी नवं चित्र करावं लागतं, सर्च इंजिनला तो मजकूर नीट हाताळता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही अशा माणसांच्या स्क्रीन रीडरलाही तो वाचता येत नाही.

मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू, गुगलचा नोटो सॅन्स देवनागरी, हे फॉन्ट मोफत आहेत आणि चांगले आहेत. पानाची भाषा कोडमध्ये मराठी लिहायची, हिंदी नाही, कारण ल आणि श ची मराठी वळणं काही फॉन्टमध्ये भाषा बघून येतात. इंग्रजी थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार मांडणीत, हेडिंगच्या अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलेलं असतं, त्याने शिरोरेषा तुटते, ते शून्य करायचं. ओळींमधलं अंतर थोडं वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवायचं असेल तर प्रत्येक भाषेला वेगळं पान आणि वेगळा पत्ता द्यायचा, आणि मशीनने केलेलं मराठी तसंच सोडायचं नाही, पुण्या-मुंबईतलं किंवा दुबईतलं मराठी माणूस पहिल्या वाक्याला ओळखतं.

पैसे आणि कायदा

यूपीआयचा क्यूआर पानावर लावणं सोपं आहे पण पैसे आले की नाही हे बँकेच्या मेसेजवरून बघायचं, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही. ऑर्डर वाढल्या की पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेऊन देणारी सेवा, घ्यावा. त्याला पॅन, बँक खातं, धंद्याचे कागद लागतात आणि साइटवर संपर्क, अटी, प्रायव्हसी, रिफंड आणि डिलिव्हरी ही पानं नसतील तर अर्ज अडतो. कार्डांवर साधारण 2 टक्के कापले जातात आणि त्या कापलेल्या रकमेवर 18 टक्के जीएसटी.

स्वतःच्या साइटवरून माल विकणाऱ्याला ग्राहक संरक्षणाचे 2020 चे ई-कॉमर्स नियम लागतात. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव-नंबर साइटवर पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यायचा, आणि खरेदीच्या संमतीची टिक आधीच मारून ठेवता येत नाही. खाण्याचं पॅकबंद असेल, आमरस, कोकम, मसाला, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, नंबर. राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडता जीएसटी नोंदणी आधी लागते, हे सीएला विचारूनच सुरू करावं.

नंतरची देखभाल

साइट लाइव्ह झाली की काम सुरू होतं. गुगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलला साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेत, ती जोडायची, बिझनेस प्रोफाइलवर तिचा पत्ता टाकायचा. वर्डप्रेस असेल तर प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, आठवड्याला अपडेट करायचे आणि फुकटात मिळालेली पेड थीम अजिबात घालायची नाही, हॅकर त्यातूनच आत येतात. गुगलमध्ये स्वतःच्या साइटच्या नावाखाली जपानी अक्षरं दिसायला लागली तर साइट हॅक झालीय, हा प्रकार जगभर ओळखीचा आहे. म्हणून बॅकअप होस्टिंगवर एक आणि घरच्या हार्ड डिस्कवर एक असे दोन ठेवावेत. हुबेहूब नकली साइट काढून कोणी बुकिंगचे पैसे घेत असेल तर स्क्रीनशॉट काढून 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर लगेच तक्रार करायची, आणि खऱ्या साइटवर पहिल्याच ओळीत आपला खरा नंबर आणि खात्याचं नाव लिहायचं.

लॉगिन कुठे कुठे आहेत, रजिस्ट्रार, होस्टिंग, गेटवे, गुगल, याची वही घरात दुसऱ्या एका माणसाला माहीत असावी. मालक गेल्यावर मुलांना बाग वारसाने मिळते पण ओटीपी जातो बंद झालेल्या सिमवर, आणि डोमेन परत मिळवायला मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद घेऊन रजिस्ट्रारशी महिनोन् महिने पत्रव्यवहार होतो. धंदा हयातीत मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर करत असाल तर डोमेनची नोंदही त्याच वेळी बदलून घ्या. रजिस्ट्रार बदलायचा तर जुन्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, घ्यावा लागतो, आणि नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम साधारण 60 दिवस दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे ही कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये बुकिंगच्या तोंडावर काढायची नाहीत, पावसाळ्यात उरकायची.